खंडेनवमीचा भोंडला

"मठारायची हातोडी कुठाय? ती राहिली की," आत्याबाई म्हणाल्या.

तांब्यावर शेवटचे बारीक ठोके मारायची ती हातोडी मी अर्धवट झालेल्या बंबाच्या पोटात हात घालून काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी तिला हळदकुंकू लावलं आणि पाटावर इतर हातोड्यांच्या रांगेत निजवलं. ऐरण, कातर, सांडशी, भाता, सगळ्यांना झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत आमच्या तांबट आळीत कोणी हातोडी उचलत नसे. उचलणाऱ्याचा हात वर्षभर चालत नाही, असं म्हातारी माणसं सांगत आणि तरणी माणसं निमूट ऐकत.

आळी गप्प झाली. एरवी आमच्याकडे शेजारणीला विरजण मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर त्या ठणठणाटानं माझं डोकं उठलं होतं, आणि पुढं अशी सवय झाली की माहेरी गेले तर झोप लागेना. पण त्या सकाळची शांतता मला नको झाली होती. आमच्या कोळशाच्या खोलीत जे चाललं होतं ते त्या ठणठणाटाच्या भरवशावर चाललं होतं.

खोलीत माझा धाकटा भाऊ होता, पुरुषोत्तम. घरात सगळे पुरूच म्हणायचे. तो एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. बोटं अशी चालायची की बघत राहावं. त्या वर्षी सरकारनं वटहुकूमांचा सपाटा लावला. सभा बंद, मिरवणूक बंद, चार माणसं एकत्र उभी राहिली तरी लाठी. सरकारविरुद्ध पत्रक छापलं तर छापणारा आत, आणि ज्याच्या घरात छापलं त्याचं घर सरकारजमा. पुरूच्या छापखान्याला टाळं लागलं, मालक तुरुंगात गेले. पुरू आणि त्याचे दोस्त मात्र भूमिगत झाले. पुढं एका पोलीस चौकीवर बॉम्ब पडला. तो पुरूनं टाकला की दुसऱ्या कोणी, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पण त्याच्या नावानं बक्षीस लागलं होतं, आणि सापडला तर फास नाहीतर जन्मठेप, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

असा भाऊ बहिणीच्या सासरी येऊन राहिला होता. सोबत पायानं चालवायचं एक लहानसं छपाईचं यंत्र. ते सुटं करून मोडीच्या तांब्याच्या गाडीतून आणलं होतं आमच्या ह्यांनी. हे तसे भिडस्त, आईपुढं चकार शब्द न काढणारे. पण पुरूनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आमच्या आळीत हत्ती पिसाळला तरी कोणाला ऐकू जाणार नाही." आणि खरंच, दिवसभर सगळी आळी ठोकत असे आणि त्यात पुरूचं यंत्र धपाधपा चालत असे. छापलेली पत्रकं कल्हईच्या भांड्यांतून बाहेर जात. आत्याबाईंना हे पसंत नव्हतं. त्या पुरूला दोन वेळचं ताट वाढत आणि प्रत्येक ताटाबरोबर "कधी जाणार रे?" असं विचारत.

आदल्या दिवशी संध्याकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली म्हणजे दवंडी पिटली गेली. दसऱ्याला सीमोल्लंघनाची मिरवणूक निघायची नाही, गावाबाहेर एकत्र जायचं नाही, गेलात तर गोळी घालू. दुसरी म्हणजे फौजदार मोहोळकर आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांनी घरच्यासाठी बंब करायला टाकला होता, तो बघायला ते अधूनमधून येत. गोरेपान, हसतमुख, पान जमवायची फार हौस. माणूस असा की बोलला तर जावई वाटावा. बंबावरून हात फिरवत ते ह्यांना म्हणाले, "रघोबा, तुमच्या आळीची एक गंमत सांगू? दुपारी भाकरीच्या वेळेला सगळ्या हातोड्या थांबतात. एक मात्र क्षणभर उशिरा थांबते."

ह्यांनी मान खाली घालून बंबावरची धूळ पुसली.

"कष्टाळू दिसतो कोणीतरी," फौजदार म्हणाले आणि उठून गेले.

तर पूजा उरकल्यावर आत्याबाई कोळशाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि पुरूला म्हणाल्या, "ऐकलंस ना काल? आज दिवे लागायच्या आत तू जा. यंत्र राहू दे, आम्ही मोडीत घालू त्याचं काय ते."

पुरू जमिनीवर बसून खिळे जुळवत होता. मान वर न करता म्हणाला, "जातो. एवढं एक पत्रक काढतो आणि जातो."

"आज? आज आळीत सुई पडली तरी ऐकू येईल!"

"आजच लागेल आत्याबाई. दवंडी काल झाली, दसरा उद्या आहे. लोकांना आज संध्याकाळी सांगितलं नाही तर उद्या सगळे घरात बसतील. पोराबाळांना सोनं वाटायची चोरी झाली आपल्याला, आपल्याच गावात."

"अरे, पण मशीन वाजणार!" मी म्हटलं. "पुरू, तुला गळ्याला दोर लावून घ्यायचाय का? मला एकच भाऊ आहे."

तो हसला. "अक्का, दोन हातोड्या चालू ठेवा ना थोडा वेळ. कोणाला कळतंय?"

आत्याबाईंचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता ह्याला हाताला धरून बाहेर काढतात. "पुन्हा बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "हत्यार पाटावर बसलंय. माझ्या घरात ते आज कोणी उचलणार नाही. आणि खंडेनवमीला तांबटाची हातोडी वाजली तर त्या मोहोळकराला पंचांग बघावं लागेल का रे? शेंबड्या पोराला कळेल."

खरंच होतं ते. पुरूनं हातातले खिळे खाली ठेवले. आणि मग आत्याबाईंनीच, दाराला टेकून, म्हटलं, "हत्याराला हात लावायचा नाही. पण बायकांच्या तोंडाला कोणी कुलूप नाही घातलेलं."

मला क्षणभर कळेना.

"भोंडला," त्या म्हणाल्या. "आज नववा दिवस. आळीतल्या झाडून सगळ्या पोरींना आणि सुनांना बोलाव आपल्या चौकात. फेर धरा आणि गळे काढा. तुझा आवाज तसाही चौकाबाहेर जातो."

हा मला मारलेला टोमणा होता. माझ्या आवाजावरून त्या मला एरवीही बोलत. पण त्या दिवशी मी त्यांच्या पायाच पडले असते.

नवरात्रात आमच्याकडे रोज भोंडला होई, एकेका दिवशी एकेकीच्या घरी. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जायचं. गाणी झाली की खिरापत. ती घरच्या बाईनं झाकून आणायची, डबा हलवून वाजवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत कोणाला घास मिळत नाही. मी वाटली डाळ केली, कारण ती मुळीच वाजत नाही. पितळेचा मोठा डबा घेतला. त्यात खाली पत्रकांचे गठ्ठे ठेवायचे, वर केळीचं पान, पानावर डाळ. बायका जाताना खिरापत घरी न्यायची म्हणून आपापले डबे आणतात, त्यातून पत्रकं आळीभर आणि आळीतून गावभर जाणार होती. कोणाकोणाला सांगायचं ते आत्याबाईंनी ठरवलं. ज्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही त्यांना त्यांनी नुसतंच गायला बोलावलं.

ऊन उतरल्यावर फेर धरला. चौक बायकांनी भरून गेला होता. पहिलं गाणं मी सुरू केलं आणि मागच्या खोलीत पुरूनं यंत्रावर पाय दिला. मला कान देऊन ऐकलं तर धपधप कळत होती. मी आवाज चढवला, बाकीच्यांनी चढवला, आणि मग मलाही ती कळेना. जरा जीव भांड्यात पडला.

तिसरं की चौथं गाणं चाललं असताना मी वळले तर दिंडीदरवाजातून ओट्यावर फौजदार दिसले. शेजारी हे हात जोडून उभे.

फेरातल्या पोरी अडखळल्या. आत्याबाईंनी डोळे वटारले तशा पुन्हा गाऊ लागल्या. फौजदार चौकात आले नाहीत. बायकांच्या फेरात पुरुषानं यायचं नसतं, तेवढी रीत त्यांनी पाळली. ओट्यावरूनच मोठ्यानं म्हणाले, "चालू द्या, चालू द्या! मी आपला सणाच्या दिवशी सहज आलोय. आमच्या चौकीतल्या बंदुकाही आज हळदकुंकू लावून बसल्यात. बघा, हातात काठीसुद्धा नाही."

नव्हती खरी. त्यांच्याबरोबर एक शिपाईही नव्हता. ते पाहून मला धीर आला, तो किती आला काय सांगू! पूजेला बसवलेलं हत्यार कोणी उचलत नाही हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. पोलिसांचं हत्यारही हत्यारच, असा आमचा हिशेब. आज हा माणूस नुसता वास घ्यायला आलाय, आणि वास काही गाण्यापलीकडून येत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

दर गाण्यानंतर पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत जात होते आणि पुरूकडून गठ्ठा घेऊन डब्यात ठेवत होते. एकीकडे आत्याबाई लगेच पुढचं गाणं काढायला लावत, म्हणजे खंड पडू नये. आठव्या गाण्याच्या वेळी गेले तेव्हा पुरू घामानं निथळत होता. हातांना शाई, गालावर शाई, आणि लहानपणी आंबे चोरून आणल्यावर असायचा तसा चेहरा.

"फौजदार बाहेर बसलाय," मी त्याच्या कानाशी म्हटलं.

"ठाऊक आहे. भावजी पाणी न्यायला आत आले तेव्हा दारावर खुणेची टिचकी मारून गेले. अजून थोडीच राहिलीत. नववं गाणं होईतो उरकतो आणि मागच्या दारानं बोळातून जातो. तू पुन्हा येऊ नकोस."

"जेवलास कुठं तू?"

"अक्का, जा ना!"

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या हाताला शाई लागली ती लुगड्याच्या आतल्या काठाला पुसली आणि चौकात आले.

नववं गाणं आम्ही जिवाच्या आकांतानं म्हटलं. मला तर वाटलं, हत्तीसुद्धा पाटावरून उठून पळेल. ते संपत आलं, संपलं. माझ्या मनात होतं की अजून थोडं ताणायला हवं, पण कसं? नवव्या दिवशी नऊच गाणी. दहावं काढलं तर फौजदाराला शंका यायची. मी आत्याबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"संपलं एवढ्यात?" ओट्यावरून फौजदार म्हणाले. "अहो, आमची आई नवमीलाच दसऱ्याचंही एक म्हणून घ्यायची. उद्याच्या धावपळीत राहून जातं म्हणायची. आणखी एक होऊ द्या बायांनो. कान तृप्त झाले, पण मन भरलं नाही."

आमच्या पथ्यावरच पडलं! आत्याबाईंनी तोंडावर पदर घेतला, हसू लपवायला. ज्याच्यापासून लपवायचं तोच पांघरूण आणून देतोय, असं झालं. मी एक श्वाससुद्धा वाया घालवला नाही, लगेच सूर लावला. लांबलचक गाणं निवडलं, सासर-माहेरची सगळी माणसं एकेक करून येतात तसलं. फौजदार ओट्यावर बोटांनी ताल धरून बसले होते.

ते संपल्यावर मी कानोसा घेतला. मागून काहीच आवाज नव्हता. उरकलं, गेला, असं मनात आलं आणि मला रडू फुटेल असं वाटायला लागलं. मी डबा आणला.

"आता मी ओळखणार," फौजदार म्हणाले. "वाजवा."

मी डबा हलवला. डाळही वाजली नाही आणि कागदही वाजले नाहीत.

"वाजत नाही बुवा. जड दिसतोय पण. शिरा?"

"नाही," पोरी ओरडल्या.

"घारगे? पुरणपोळी?"

"नाही, नाही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "हरलो. उघडा."

आत्याबाई पुढं झाल्या. त्यांनी झाकण काढलं, वरची डाळ एका वाटीत वाढली आणि ह्यांच्या हातून ओट्यावर पाठवली. फौजदारांनी ती सावकाश खाल्ली. लिंबू छान उतरलंय म्हणाले. मग रुमालानं हात पुसले, उठले, आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला रघोबा, आता कोळशाची खोली दाखवा."

बायकांनी तेवढ्यात डबे भरायला सुरुवात केली होती. आत्याबाई मोठमोठ्यानं बोलत भराभर वाढत होत्या, पानाखालून, वरून. मी मात्र त्या दोघांच्या मागं गेले.

खोलीत यंत्र होतं. ते एवढं जड, ते कुठं जाणार? शाईचा डबा उपडा झाला होता, थोडी पत्रकं जमिनीवर पसरली होती. पुरू नव्हता. बोळाकडचं दार सताड उघडं होतं. मी भिंतीला टेकले. पळाला! घर गेलं तर गेलं, ह्यांना धरलं तरी सहा महिन्यांत सुटतील, पण माझा पुरू निसटला! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

फौजदारांनी यंत्रावर हात ठेवला. एक पत्रक उचललं, वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. शांतपणे ह्यांना म्हणाले, "तुम्ही माझ्याबरोबर यायचं." आणि मला म्हणाले, "ताई, घरातलं पाणी वगैरे भरून घ्या. उद्या टाळं लागेल."

तेवढं बोलून ते निघाले. चौकातून जाताना आत्याबाईंना त्यांनी नमस्कारसुद्धा केला.

ते दिंडीच्या बाहेर पडले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी विचारलंच नव्हतं. यंत्र कोण चालवत होतं, माणूस कुठं गेला, दार कोणी उघडलं, एक अक्षर विचारलं नव्हतं. बोळात कोणाला धाडलं नव्हतं, शिट्टी मारली नव्हती. मी धावत मागच्या बोळात गेले. तिथं पुरूची एक वहाण पडली होती, आणि मातीत बुटांच्या खुणाच खुणा.

आत्याबाई मागून आल्या, त्यांनी त्या खुणा पाहिल्या आणि उंबऱ्यावर मटकन बसल्या. "म्हणून आज आला," त्या म्हणाल्या. "एरवी माझ्या दारातून पोराला ओढून नेलं असतं तर आळी हातोड्या घेऊन उठली असती. आज सगळ्या देवापाशी. आणि आपण सगळ्या इथं." पुरूला रोज "कधी जाणार रे?" म्हणणारी ती बाई त्या वहाणेवरून हात फिरवत राहिली.

पत्रकं गावात गेली. दुसऱ्या दिवशी दवंडी झुगारून माणसं गावाबाहेर गेली, लाठ्या खाल्ल्या, सोनं वाटलं. आमच्या घराला टाळं लागलं, ह्यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. पुरूला जन्मठेप झाली. तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच तापानं गेला. खटल्यानंतर त्याला दूरच्या तुरुंगात हलवलं, त्याआधी मला एकदा भेटू दिलं. तीच शेवटची भेट.

मध्ये जाळी होती. पुरू वाळला होता, उभं राहताना एका बाजूला कलत होता. मी घरचं, आत्याबाईंचं, पत्रकं पोचल्याचं सांगितलं. त्यावर तो हसला.

"छान म्हणत होतात गं त्या दिवशी," तो म्हणाला.

"तुला ऐकू येत होतं?"

"सगळं. नववं गाणं चालू असतानाच आले ते. यंत्राचा आवाज आणि तुमचा, मला दार उघडलेलंच कळलं नाही. बोळात नेऊन भिंतीशी दाबून धरलं. तोंडावर एकाचा पंजा. मी त्याला कडकडून चावलो, तोंड सुटलं."

"मग ओरडला का नाहीस रे? हाक का नाही मारलीस?"

"तुमच्या आवाजात कोणाला ऐकू गेली असती? म्हटलं, नववं गाणं आहे, आता संपतंच. संपलं की थांबतील, तेव्हा हाक मारू." त्यानं जाळीत बोटं अडकवली. "सोडवा म्हणून, दुसरं काय. भ्यालो होतो अक्का मी. फार भ्यालो होतो."

मी जाळी धरून उभी होते. शिपायानं वेळ झाल्याचं सांगितलं.

"गाणं संपलं," पुरू म्हणाला. "पंजा पुन्हा तोंडावर आला, तो झटकून मी छाती भरून श्वास घेतला. पण तेवढ्यात तुम्ही आणखी एक काढलंत. सूर तूच लावलास ना? तुझा आवाज लगेच ओळखला मी."

मी हो म्हटलं. मग त्याला आत नेलं.